रविवार, चार वाजता, पझेशन

बर्नाडेट : सर, तुमच्या बाजूने चादर खाली आलीय. अजून वर घ्या. सैतानाचं डोकंच दिसलं नाही तर लोक काय बघणार?

कुंडलिक : बर्नाडेटबाई, एकाहत्तराव्या वर्षी मी सैतानासाठी स्टुलावर चढलोय. आमच्या विहारात कळलं तर काय म्हणतील? घ्या, बांधली. आता हलणार नाही.

बर्नाडेट : छान. प्रोजेक्टर चर्चच्या संडे स्कूलचा आहे, सांभाळून. आणि बघा, मागच्या महिन्यात इथे सोफा होता, तोपण उचलून नेला मेल्यांनी. सँपल फ्लॅट म्हणे! आपल्याला दाखवायला सोफा, पडदे, फळांची परडी. बुकिंग झालं, सगळं गायब. ती फळंपण प्लास्टिकची होती, मी दाबून बघितलेली.

कुंडलिक : नऊ वर्षांपूर्वी तुम्ही फळं दाबून बघितलीत आणि बिल्डरला नाही.

बर्नाडेट : बोला, बोला. सेक्रेटरीला सगळेच बोलतात. पण दर महिन्याच्या या पिक्चरमुळेच बी विंगची माणसं अजून एकमेकांना ओळखतात, हे विसरू नका. नाहीतर कोण डोंबिवलीला, कोण कळव्याला, आम्ही वर्तकनगरला. फ्लॅट मिळेपर्यंत तोंडंच विसरलो असतो.

कुंडलिक : येतात मोजून नऊ माणसं.

बर्नाडेट : आज जास्त येतील. आज साधा पिक्चर नाही. ब्लॅक अँड व्हाइट आहे, पण भलेभले घाबरलेत. मी चौदा वर्षांची होती, चर्चच्या हॉलमध्ये दाखवलेला. आई माझी डोळे झाकून जपमाळ ओढत बसलेली आणि मी बोटांच्या फटीतून सगळा बघितला.

कुंडलिक : आहे काय त्यात?

बर्नाडेट : बंदरावरचं एक गाव. तिथल्या शिंप्याची बायको, अगदी गरीब गाय. तिच्यात सैतान शिरतो, इंग्रजीत पझेशन म्हणतात ते. आधी नुसता एक आवाज, मग हळूहळू सगळा पसारा मांडून बसतो. तिच्या तोंडाने जेवतो, तिच्या तोंडाने बोलतो. आणि पाद्रीला सांगतो, मी जात नाही, हे घर आता माझं.

कुंडलिक : मग निघतो कसा? झोडपून?

बर्नाडेट : छे! म्हातारा पाद्री काठीपण उचलत नाही. एकच विचारतो, तू कोण ते सांग. सैतान रडतो, शिव्या देतो, गावभरच्या लफड्यांच्या गोष्टी सांगतो, पण स्वतःचं काय ते बोलत नाही. पाद्री नुसता गप्प बसून राहतो. शेवटी त्यालाच सहन होत नाही आणि तो आपल्या तोंडाने ओकतो. एकदा बोलला की संपला.

कुंडलिक : यात सैतानाचं काय विशेष? शाळेत चौतीस वर्षं मी हेच केलं. वर्गातला खडू चोरीला गेला की ओरडायचं नाही. चष्मा काढायचा, पुसायचा, गप्प बसायचं. पाच मिनिटांत चोर उभा राहून रडायला लागतो.

बर्नाडेट : म्हणजे तुमचा विश्वास आहे!

कुंडलिक : अजिबात नाही. माझ्या आजीच्या अंगात यायचं. दर अमावास्येला केस मोकळे सोडून घुमायची आणि आमचे आजोबा, ज्यांच्यासमोर कोणाची बोलायची टाप नव्हती, ते तिच्या पायाशी बसायचे. पुढे दीक्षा घेतली, वडिलांनी देव्हारा उचलला, आणि तिचं अंगात येणं बंद झालं. मी मोठेपणी विचारलं, आजी, खरंच यायचं का गं? तर म्हणाली, येतंय कसलं! पण तेवढा वेळ घरात माझं ऐकत होते रे.

बर्नाडेट : अरे सायबा. काय बाई होती.

कुंडलिक : थांबा, फोन वाजतोय... हं, प्रीती. बोल गं... काय?... कशाला?... अगं पण... बरं, थांब, विचारून सांगतो. बर्नाडेटबाई, सूनबाई विचारते आहे, भंतेजी साडेचारला मोकळे आहेत, त्यांना घेऊन येऊ का?

बर्नाडेट : भंतेजी? पिक्चरला?

कुंडलिक : वंदनेला, म्हणते. ती म्हणते, शेजाऱ्यांनी घरी येऊन पेढे दिले. तुम्ही निरोप काय पाठवलात?

बर्नाडेट : दर वेळी पाठवते तोच. आपल्या नऊ जणांच्या पिक्चरवाल्या ग्रुपवर. सकाळी मिस्साला जाताना रिक्षात टाइप केला, आणि चर्चमध्ये शिरताना फोन बंद करून पर्समध्ये टाकला तो टाकलाच. थांबा, चालू करते. हे बघा, वाचते. "आज रविवार, चार वाजता, शीळफाटा साईटवर, पझेशन. सहकुटुंब या. बसायला घरून आणा. घाबरू नका, मी आहे. बर्नाडेट, सेक्रेटरी."

कुंडलिक : पिक्चर हा शब्द कुठे आहे यात?

बर्नाडेट : पिक्चरच्या ग्रुपवर पिक्चर कशाला लिहू? दर महिन्याला विषयच लिहिते ना मी. मागे "युद्ध" लिहिलेलं, कोण बंदूक घेऊन आलेलं का?

कुंडलिक : बाई, वर ग्रुपचं नाव काय आहे, ते वाचा.

बर्नाडेट : "बी विंग, सर्व फ्लॅटधारक."

कुंडलिक : चौऱ्याऐंशी कुटुंबं. नऊ वर्षं घराच्या पझेशनची वाट बघणारी.

बर्नाडेट : नाही. नाही, नाही, नाही. जेजू! सर, एकशे बासष्ट जणांनी हात जोडलेत. पिक्चरला कोण हात जोडतं?

कुंडलिक : आणि उलट कोणी विचारलं कसं नाही?

बर्नाडेट : मीच बंद केलंय ना ते! रोज सकाळी गुड मॉर्निंगची फुलं पाठवत होते, म्हणून मी सेटिंग केलेलं, फक्त सेक्रेटरी लिहिणार. ते बिचारे हातच जोडू शकतात. आणि माझे मिस कॉल... एकोणचाळीस. सर, आत्ताच्या आत्ता लिहिते, रद्द.

कुंडलिक : उशीर झाला. खिडकीशी या. तो तीनशे पाचचा टेम्पो ना, काळुरामचा?

बर्नाडेट : हो, त्यावर सोफा आहे. सोफा कशाला आणलाय त्याने?

कुंडलिक : तुम्हीच लिहिलंत. बसायला घरून आणा.

बर्नाडेट : आणि ती स्टोव्ह घेऊन उतरतेय ती गोदूबाई. हातात दुधाचं पातेलं. दूध उतू घालायला आलीय हो ती! रिक्षातून तांदळाची कोठी काढतायत. सर, लोक संसार घेऊन आलेत. मी काय करून बसली!

कुंडलिक : चूक झाली. आपण खाली जाऊ आणि सांगू. मी तुमच्या बरोबर येतो. शिव्या निम्म्या निम्म्या खाऊ. अरे... बर्नाडेटबाई, काळुरामच्या टेम्पोतून आता खुर्चीसकट कोणाला उतरवतायत?

बर्नाडेट : कोण आहे? माझा चष्मा लांबचा नाही.

कुंडलिक : तुमचे मिस्टर आहेत, व्हॅलेंटाईन.

बर्नाडेट : काहीतरी बोलू नका. व्हॅलेंटाईन वर्तकनगरला आहे, चौथ्या मजल्यावर. त्याचा डावा पाय लुळा पडला, तेव्हापासून चौदा महिने तो खाली उतरलेला नाही. तिथल्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. फादर घरी येऊन कम्युनियन देतात त्याला.

कुंडलिक : सूट घातलाय. खिशाला फूल लावलंय.

बर्नाडेट : लग्नाचा सूट. देवा. चार जिने कोणी आणला त्याला उचलून? त्याने मेसेज वाचला असणार आणि त्याला वाटलं, मी सरप्राइज देतेय. मी देते ना सरप्राइज, वाढदिवसाला वगैरे. म्हणून फोनपण केला नसेल. सर, तो हात हलवतोय. मी त्याला कसं सांगू, की परत वर चल, हा पिक्चर होता म्हणून?

कुंडलिक : रडू नका. पाणी घ्या.

बर्नाडेट : एकदा वर गेला ना, की परत तो खाली येणार नाही. मला माहितीय. चार माणसांनी उचलायला त्याला लाज वाटते. आज फक्त घराच्या नावावर उतरलाय तो.

त्र्यंबक : मॅडम! मॅडम, हे बरं नाही केलंत तुम्ही. मी या साईटचा इन-चार्ज आहे की नाही? गेटवर तीन टेम्पो लागलेत. एक बाई सिक्युरिटी केबिनमध्ये स्टोव्ह पेटवून बसलीय. मला एक फोन तरी मारायचा!

बर्नाडेट : त्र्यंबक, ऐक बाबा. एक मोठी गडबड झालीय. तो मेसेज—

कुंडलिक : बर्नाडेटबाई, एक मिनिट. जरा पाणी प्या. त्र्यंबकराव, बसा ना.

त्र्यंबक : बसायला टाइम नाय सर. बाजूच्या ऑफिसात नवीन सी टॉवरच्या बुकिंगला चाळीस पार्ट्या आल्यात. खिडकीतून बघतायत सगळे. नक्की काय प्रोग्राम आहे तुमचा?

कुंडलिक : चार वाजता पझेशन. सगळ्यांना ठाऊक आहे.

त्र्यंबक : असं कसं पझेशन? शेठना माहितीय?

कुंडलिक : शेठनी या जागेत जमायची लेखी परवानगी दिलेली आहे.

त्र्यंबक : लेखी? शेठनी? मला न सांगता?

कुंडलिक : बर्नाडेटबाई, पत्र आहे ना?

बर्नाडेट : पर्समध्येच असतं माझ्या. पण सर, ते तर—

कुंडलिक : पाणी प्या.

त्र्यंबक : किती वेळ चालणार हे?

कुंडलिक : पावणेदोन तास. मध्ये चहा.

त्र्यंबक : आणि शेवटी काय करणार तुम्ही लोक?

कुंडलिक : शेवटी बाहेर काढतात.

त्र्यंबक : कोणाला?

कुंडलिक : जो दुसऱ्याच्या घरात घुसून बसलाय आणि माझंच आहे म्हणतोय, त्याला.

त्र्यंबक : पोलीस आणताय?

कुंडलिक : छे, छे. एक पाद्री आहे. म्हातारा आहे, पण चिवट. मारत वगैरे नाही. फक्त समोरच्याने आपल्या तोंडाने काय ते सांगेपर्यंत हलत नाही.

त्र्यंबक : माझ्याकडे का बघताय सर? मी नोकर माणूस आहे. मला काय माहीत असणार?

(कुंडलिक चष्मा काढतात आणि धोतराच्या सोग्याने सावकाश पुसत बसतात. बर्नाडेट काही बोलायला जाते आणि थांबते. बराच वेळ कोणीच बोलत नाही.)

त्र्यंबक : काय झालं? बोला की काहीतरी... सर? हे बघा, मी शेठना तेव्हाच बोललेलो. तुम्हाला महापालिकेतून कळलं ना? बरोबर आहे, अशा गोष्टी लपत नसतात. मी बोललेलो, शेठ, तीन महिने ओसी दाबून ठेवू नका, म्हातारी माणसं आहेत, एक दिवस अंगावर येतील.

बर्नाडेट : काय दाबून ठेवू नका?

त्र्यंबक : ओसी. बी विंगची. भोगवट्याचा दाखला.

बर्नाडेट : राहायला परवानगी? आमच्या बिल्डिंगला? आलीय?

त्र्यंबक : म्हणजे... तुम्हाला माहीत नव्हतं?

कुंडलिक : आता झालं.

त्र्यंबक : मग खाली हे एवढं सगळं कशासाठी?

बर्नाडेट : पिक्चरसाठी, बाबा! भुताच्या पिक्चरसाठी! मेसेज चुकून मोठ्या ग्रुपवर गेला!

त्र्यंबक : पिक्चर? सर, तुम्ही मला फसवलंत. मास्तर माणूस असून खोटं बोललात!

कुंडलिक : पंचशील घेतलंय मी, खोटं बोलत नाही. पझेशनचाच पिक्चर आहे. पावणेदोन तासांचाच आहे. पाद्रीसुद्धा आहे. तुम्ही एकदा जरी विचारलं असतंत, पिक्चर आहे का, तर हो म्हणालो असतो.

त्र्यंबक : मेलो मी. मॅडम, मी काही बोललो नाही. तुम्ही ऐकलं नाही. प्लीज.

बर्नाडेट : तीन महिने. का रे? का दाबलं?

त्र्यंबक : ते आपलं गार्डन आहे ना, मागचं. तिथे शेठना अजून एक टॉवर टाकायचाय. त्यासाठी तुमच्या सगळ्यांच्या सह्या लागतात. शेठ बोलले, अजून थोडे रखडू दे, मग चावी दाखवली की कशावरपण सह्या करतील.

बर्नाडेट : त्र्यंबक, इकडे ये. खिडकीतून खाली बघ. तो सूटवाला दिसतो? खुर्चीवर? तो माझा नवरा आहे. वर्तकनगरहून येऊरच्या जंगलापर्यंत चालत जाणारा माणूस होता. चौदा महिने खिडकीतून रस्ता बघतोय. कोणती मासळीवाली आज आली, कोणती नाही, ते मला वरून सांगतो. आणि यातले तीन महिने, तीन महिने, हे घर तयार होतं? लिफ्ट चालू होती?

त्र्यंबक : चालू आहे मॅडम. वॉचमन जातो वर, टाकी बघायला.

बर्नाडेट : वॉचमन जातो! आम्ही सभ्यपणे अर्ज केले. शेठसमोर हात जोडून उभे राहिलो, गुड आफ्टरनून सर, सॉरी टू डिस्टर्ब यू सर. नऊ वर्षं आम्हाला कोण ऐकायला तयार नव्हतं. आता ऐका. मी या जागेवरून हलणार नाही. माझा नवरा त्या जिन्याला परत लागणार नाही. गोदूबाईचं दूध तिच्या घरातच उतू जाणार. आणि चावी तू देणार आहेस. आज. माझ्या हातात.

कुंडलिक : बाई, तुमचा आवाज खालपर्यंत गेला. लोक वर बघतायत. अंगात वगैरे आलं की काय?

बर्नाडेट : नाही सर. मीच आहे. आज पहिल्यांदा पूर्ण मीच आहे.

त्र्यंबक : मॅडम, माझ्या हातात काय आहे? चाव्या कपाटात आहेत, लेबल लावून, मीच लावलीत. पण शेठ हो बोलल्याशिवाय एक चावी काढली तर माझी नोकरी गेली. आणि माझंपण या सी टॉवरमध्ये बुकिंग आहे. माझं पझेशन राहिलंय अजून.

कुंडलिक : तुमचंही? अरेरे. त्र्यंबकराव, एक विचारू? बाजूला ते चाळीस नवीन ग्राहक बसलेत. त्यांनी टेम्पो बघून तुम्हाला विचारलं असेलच, हे काय चाललंय म्हणून.

त्र्यंबक : विचारलं ना.

कुंडलिक : मग काय उत्तर दिलंत?

त्र्यंबक : आता काय सांगणार? मोर्चा आलाय असं सांगितलं तर एक पार्टी थांबली नसती. मी बोललो, आज आमच्या बी विंगचं पझेशन आहे, हॅपी कस्टमर आलेत, सगळे फॅमिलीसकट आलेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

बर्नाडेट : टाळ्या वाजवल्या!

त्र्यंबक : एक जण तर खाली जाऊन गोदूबाईंबरोबर फोटो काढतोय.

कुंडलिक : म्हणजे आज पझेशन आहे, असं कंपनीतर्फे तुम्हीच जाहीर केलंत. तेही चाळीस साक्षीदारांसमोर.

त्र्यंबक : ...हो की.

बर्नाडेट : मग आता मी त्यांच्यात जाऊन बसते. चहा पिते आणि सांगते, काय झालंय ते. सूटवाल्यालापण नेते बरोबर.

त्र्यंबक : नको! मॅडम, दोन मिनिटं. मी लावतो फोन... हॅलो शेठ. त्र्यंबक. शेठ, एक प्रॉब्लेम आहे... नाही, बुकिंग जोरात आहे. पण बी विंगची पब्लिक आलीय... सगळी. सामान घेऊन... ओसीचं कळलंय त्यांना... मला काय माहीत कसं कळलं, शेठ. मास्तर आहे एक, त्याला सगळंच माहीत असतं... पोलीस? शेठ, पोलीस आणले तर चाळीस पार्ट्या समोर बसल्यात. त्या बघतायत. त्यांना मी पझेशन आहे सांगितलंय... हो, मीच. दुसरं काय सांगणार होतो?... नाही शेठ, चाव्या दिल्या तर उलट इथेच सगळ्यांची बुकिंग होतील. तेच बोलतोय मी... सह्या?

बर्नाडेट : सांग त्याला, गार्डनच्या कागदावर एक सही मिळणार नाही.

त्र्यंबक : त्या नंतर बघू शेठ. मॅडम बाजूलाच उभ्या आहेत... हो... हो... ओके शेठ. ठेवतो.

बर्नाडेट : काय बोलला?

त्र्यंबक : बोलले, देऊन टाक. आणि फोटो नीट काढ, चेहरे हसरे पाहिजेत.

बर्नाडेट : सर! सर, ऐकलंत?

कुंडलिक : ऐकलं. मला जरा बसू द्या. त्या स्टुलावरच बसतो.

बर्नाडेट : तुम्ही रडताय?

कुंडलिक : चष्मा नीट पुसला गेला नाही मघाशी. सूनबाईला फोन करतो. भंतेजींना आणायला सांगतो.

त्र्यंबक : चला मॅडम, चाव्या खालीच वाटू, पार्किंगमध्ये. नवीन पार्ट्यांना दिसलं पाहिजे. पण एक आहे, चौऱ्याऐंशी जणांची पत्रं भरायची, ओळखपत्रं बघायची, दोन तास जातील. एवढा वेळ पब्लिक कशी थांबणार?

बर्नाडेट : पिक्चर दाखवू ना. चादर सोडा सर, खाली बांधू. पार्किंगमध्ये अंधार आहे तेवढा. बसायला सोफा आहेच.

कुंडलिक : मी पत्रं वाचून देतो. गार्डनचा कागद मध्येच कुठे घुसवलेला नाही ना, ते बघतो. नाव पुकारलं की एकेकाने यायचं, सही करायची, चावी घ्यायची, परत जागेवर बसायचं. गोंधळ चालणार नाही.

त्र्यंबक : झाली मास्तरांची शाळा सुरू.

बर्नाडेट : पार्किंगमध्ये सगळे बसले ना? दोनशे चार, गोदूबाई! या पुढे. अहो पातेलं ठेवा कोणाकडे तरी! सर, यांचं पत्र बघा. त्र्यंबक, चावी.

त्र्यंबक : दोनशे चार. घ्या आजी. स्माइल.

कुंडलिक : तीनशे पाच, काळुराम! आवाज कमी करा जरा तिकडे, पाद्री आलाय.

बर्नाडेट : तुम्ही बघताय पिक्चर?

कुंडलिक : मी पत्रं बघतोय. समोर चालू आहे म्हणून दिसतं. हा सैतान चांगलाच कोडगा आहे हो. तिच्या आजारी नवऱ्याला काय काय बोलतोय. तोंड फोडलं पाहिजे.

बर्नाडेट : विश्वास नाही ना तुमचा?

कुंडलिक : विश्वास नाही. राग येतोय. पाचशे एक! कोण आहे पाचशे एक?

त्र्यंबक : सर, थांबा ना एक मिनिट. तो बोलणार बहुतेक आता. बोलला... बोलला! निघाला! अरे, सगळे उभे राहिले. शिट्ट्या मारतायत.

कुंडलिक : सी टॉवरवालेसुद्धा उभे आहेत टाळ्या वाजवत. त्यांनी कधी येऊन बसायचं ठरवलं?

बर्नाडेट : मी बोललेली ना, हा पिक्चर भारी आहे म्हणून. पुढचं नाव पुकारा सर.

कुंडलिक : सातशे दोन. बर्नाडेट आणि व्हॅलेंटाईन.

बर्नाडेट : ...आमचं आलं?

कुंडलिक : सही इथे. नीट वाचून करा.

बर्नाडेट : दिसत नाहीये मला काही. तुम्ही वाचलंय ना? बस. व्हॅलेंटाईन, हात पुढे कर. नाही, उजवा. चावी आहे ती, खरी. दाबून बघ.

त्र्यंबक : काका, माझा खांदा धरा. लिफ्ट तिकडे आहे. मीच नेतो तुम्हाला.

कुंडलिक : वर गेल्यावर काय केलंत पहिल्यांदा? मी आपलं दाराशीच उभं राहून विचारतो. आमचं सहाशे दोन तुमच्या खालीच आलं. तिथे वंदना झाली, सगळे खीर खातायत. तुमच्यासाठीही आणलीय वाटीत.

बर्नाडेट : या ना आत. काही नाही केलं. नळ सोडला, बंद केला. सगळ्या खिडक्या उघडल्या. क्रूस कुठे लावायचा ते ठरवलं. मग व्हॅलेंटाईन बोलला, जरा जाऊन येतो, आणि गेला.

कुंडलिक : एकटे?

बर्नाडेट : एकटा. काठी घेऊन. मी बटण दाबायला जात होती, तर मला बोलला, तू राहू दे.

त्र्यंबक : मॅडम, मीटरचा कागद द्यायचा राहिला. आणि काका खाली काही विसरलेत का? आता तिसऱ्यांदा लिफ्टने गेले. खाली जातात, गेटपर्यंत बघून येतात, वर येतात, दार उघडायच्या आत परत खाली. बोलावू का त्यांना?

बर्नाडेट : नको. काही विसरलेला नाही तो. जाऊ दे. येईल, त्याला पाहिजे तेव्हा.